खरवडलेली टेकडी

बसथांब्यावरून निघून आम्ही पहिलं वळण घेतलं आणि रस्ता चढायला लागला. एवढंच झालं. रस्ते चढतात, त्यात दचकण्यासारखं काही नाही. पण मी दोन्ही हातांत बॅगा धरून तिथेच उभा राहिलो, कारण हा रस्ता चढायला नको होता. मला तो तोंडपाठ होता. डाव्या हाताला टपाल कचेरी, पुढे त्रिकोणी बाग, बागेच्या टोकापासून दोन समांतर गल्ल्या, त्यातली उजवीकडची थेट बंदरावर जाते. टपाल कचेरी जागेवर होती. बागेचं लोखंडी कुंपणही दिसत होतं, पण ते माझ्या डोक्याच्या बरंच वर, समोरच्या घराच्या छपराच्या रेषेत. माझ्या मागे ही उभी होती. "अहो, चढ आहे," ही म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, नुसती बातमी होती. "तुम्ही तर म्हणायचात, तळहातासारखं सपाट गाव आहे, तुझ्या गुडघ्याला कळणारसुद्धा नाही." मी म्हणालो, "रस्ता नवीन केलेला दिसतोय. भर घालून उंच केलाय." हिने दोन्ही बाजूंच्या घरांकडे पाहिलं. शे-दीडशे वर्षांची घरं असतील; रस्त्याबरोबर तीही वर सरकत गेली होती, दगडी उंबरे मधोमध झिजलेले. म्हणजे रस्त्याबरोबर घरंही कुणीतरी उचलून वर ठेवली असणार.  हिने डाव्या गुडघ्यावर एकदा पंजा दाबला, पर्स खांद्यावर सारखी केली आणि माझ्या पुढे चालायला लागली.

खरी गोष्ट अशी की या शहरात मी आयुष्यात पहिल्यांदा पाऊल ठेवत होतो. आणि हिच्या समजुतीप्रमाणे मी इथे लग्नाआधी अख्खं वर्ष राहिलो होतो. मी नकाशे काढणारा माणूस. आमचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं, उत्तरेकडच्या मोठ्या खिडक्या, उतरती टेबलं, दौतीला झाकण लावायला विसरलं तर ओरडणारे साहेब. मोजणीवाले बाहेर जायचे, उन्हात रापून यायचे आणि आकड्यांनी भरलेल्या वह्या आमच्या टेबलावर टाकून चहाला निघून जायचे. आम्ही त्यांच्या वह्यांवरून आणि विमानातून घेतलेल्या फोटोंवरून गाव उभं करायचो, म्हणजे आडवं करायचो. या शहराचा नकाशा पर्यटन खात्याने मागवला तेव्हा तो माझ्या वाट्याला आला. अकरा महिने मी त्याच्यावर वाकून बसलो होतो. कुठली गल्ली किती रुंद, बंदरावर दिव्याचे खांब किती, मासेबाजाराला दारं किती, सगळं मला ठाऊक होतं. फक्त तिथे वास कसला येतो ते माहीत नव्हतं. त्याच सुमारास हिच्या मामांच्या घरी आमची पहिली भेट झाली. मोठ्या माणसांनी आम्हाला वीस मिनिटं गॅलरीत सोडलं. ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती, कानाला हेडफोन लावून दिवसभर माणसं जोडून द्यायची. तिने विचारलं, तुम्ही कुठे कुठे फिरलायत? मी घर ते ऑफिस याच्यापलीकडे गेलो नव्हतो, तेही एकाच बसने. मी गप्प राहिलो तशी बिचारीने आपणच बोलणं पुढे रेटलं. म्हणाली, समुद्राकाठचं एक गाव आहे, तिथल्या एक्स्चेंजमधल्या मुलीशी मी रोज बोलते. ती बोलते तेव्हा वाटतं, आत्ताच हसून थांबलीय. कसं असेल हो ते गाव? आणि मी म्हणालो, "मी राहिलोय ना तिथे. वर्षभर." ही कठड्यावरून वळली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. त्या बघण्यासाठी मी आणखी दहा गावांत राहून आलो असतो.

मग काय, एकदा राहिलो म्हटल्यावर राहावंच लागलं. निळी दारं असलेली गल्ली आली, सकाळी मासेबाजारातली कलकल आली, दीपगृहाचा म्हातारा रखवालदार आला, त्याने जाता जाता मला दिलेली छत्री आली. ती छत्री आमच्या दारामागे अजून टांगलेली आहे आणि ती आमच्या ऑफिसखालच्या दुकानातून आणलेली आहे. आणि सूप आलं. खाणावळीतलं माशांचं पातळ सूप, त्यात भाजलेला कांदा, मिरी आणि संत्र्याची साल. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात हिने ते माझ्याकडून चार वेळा वदवून घेतलं, दोनदा बिघडवलं, तिसऱ्यांदा साधलं. तेव्हापासून पाहुणा आला की आमच्याकडे 'त्या गावचं सूप' होतं. लेकीचं लग्न झालं तेव्हा तिने ते सासरी नेलं. खोटं बोलणारा माणूस एकदा बोलतो, पुढचं सगळं घर बोलतं. मला सुरुवातीला लाज वाटायची, मग सवय झाली, मग एक विचित्र गोष्ट झाली. त्या गावी राहिलेल्या माणसाचा मला हेवा वाटायला लागला. हिने त्याच्याशी लग्न केलं होतं. तो खुशाल छत्री घेऊन पुढे चालायचा आणि मी त्याच्या मागून पिशव्या उचलून. आता हिला पेन्शन सुरू झाली, लेकीने बसची तिकिटं काढून हातात ठेवली आणि आम्ही तीन दिवसांसाठी निघालो.

चढाच्या मध्यावर मला धाप लागली आणि तिथे, एका केशकर्तनालयाच्या पायरीवर बॅगा टेकवताना, मला आठवलं. टेकडी होती. मोजणीवाल्यांच्या वहीत होती, फोटोत तिची सावली होती, आणि मी तिच्या उंचीच्या रेषा तपकिरी शाईने एकात एक अशा सुरेख बसवल्या होत्या, कांदा आडवा कापल्यावर दिसतो तशा. साहेब माझ्या टेबलाशी उभे राहून संत्रं सोलत होते. "हे काय?" ते म्हणाले. "टेकडी, साहेब." "पर्यटकाला टेकडी कशाला दाखवतोस? चढ बघितला की तो दुसऱ्या गावी जाईल. काढून टाक." मग मी दोन दिवस ब्लेडच्या कोपऱ्याने ती टेकडी ट्रेसिंगच्या कागदावरून खरवडली. हलक्या हाताने खरवडावं लागतं, नाहीतर कागद केस आल्यासारखा होतो आणि पुढची शाई फुटते. मी इतकं नीट खरवडलं की मागमूस राहिला नाही. कागदावरही नाही आणि, आता कळत होतं, माझ्या डोक्यातही नाही. चौतीस वर्षं मी माझ्याच नकाशावर विश्वास ठेवून या गावात राहत होतो. पुढे ही एका भिंतीला हात लावून थांबली होती. तिचा गुडघा मला माझ्या गुडघ्यात दुखला.

टेकडीच्या खांद्यावरून पलीकडे उतरलो आणि आमची खोली मिळाली. दोन लोखंडी खाटा, कोपऱ्यात हात धुवायचं भांडं, धुऊन धुऊन पातळ झालेला पडदा. हिने पडदा सारला. खाली सगळं बंदर पसरलेलं होतं. होड्या एकमेकींना खेटून हलत होत्या, दगडी काठावर जाळी वाळत होती, कुणीतरी पाण्याच्या नळीने फरशी धूत होतं.  ही म्हणाली, "अगदी तुम्ही सांगितलं होतं तस्संच आहे." मला वाटलं, आता सांगून टाकावं. होड्या, जाळी, ओली फरशी हे कुठल्याही बंदरावर असतंच, त्यात माझं काही नाही, हे सांगावं. पण हिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मी टॉवेल शोधायला लागलो. वास मात्र आता येत होता. डांबर, मीठ, कुठेतरी तळलं जाणारं काहीतरी आणि या सगळ्याखाली ओल्या दोराचा एक जुनाट वास. हा मला कधी सुचला नव्हता.

जेवणाला वेळ होता म्हणून बंदरावरच्या संग्रहालयात गेलो. एकच मोठी खोली. गाठींचे नमुने, पाणबुड्याचं पितळी शिरस्त्राण, जहाजांची चित्रं, आणि भिंतीला लावून ठेवलेला जुन्या टेलिफोन एक्स्चेंजचा लाकडी बोर्ड, वायरींसकट. ही त्याच्यासमोर गेली आणि लहान मुलीसारखी झाली. संग्रहालयाची राखणदार बाई विणत बसली होती. तिने नुसत्या मानेने परवानगी दिली. ही स्टुलावर बसली, एक वायर ओढून भोकात घातली, काढली, दुसरीत घातली. "हाच," ही म्हणाली, "याच बोर्डावर ती बसायची. सत्तावीस वर्षं बोललो आम्ही. चेहरा नाही पाहिला कधी." राखणदार बाईने ती कोण असेल याच्याविषयी दोन-तीन अंदाज केले, एक वारलेली, एक परगावी गेलेली. ही ऐकत होती, हात बोर्डावरच होता. मग माझ्याकडे वळून त्या बाईला अभिमानाने म्हणाली, "आमचे हे इथे राहिलेत वर्षभर. म्हणून तर मी हो म्हणाले." त्या बाईने सुया थांबवून चौकशी केली, कुठल्या भागात? मी म्हणालो, बाजारामागे. ती म्हणाली, बाजारामागे तर तेव्हा नुसती मिठाची कोठारं होती. मी म्हणालो, "कोठाराच्या वर खोली होती." ही हसली. 

खाणावळ बाजाराच्या मागच्या दारासमोर होती. सहा टेबलं, त्यांतल्या एकावर एक मांजर. स्वयंपाक करणारी बाईच वाढायची. थोराड, कोपरापर्यंत ओले हात, बोलणं मोकळं. हिने आल्या आल्या सूप मागितलं. ते आलं. हिने एक चमचा घेतला, मग आणखी एक, आणि बाईंना हाक मारली. "छान आहे हो. पण तुमचं ते दुसरं द्या ना. संत्र्याची साल घातलेलं."

"संत्र्याची साल?" बाई हात पुसत आल्या. "माशात? ती आम्ही हाताचा वास घालवायला चोळतो."

ही हसत म्हणाली, "आमच्या यांनी इथेच खाल्लंय. चौतीस-पस्तीस वर्षांपूर्वी. इथेच ना हो?"

मी पाव मोडत होतो. "इथेच असेल," मी म्हणालो, "किंवा शेजारी."

"शेजारी कधी खाणावळ नव्हती," बाई म्हणाल्या. "तेव्हा आई होती माझी चुलीपाशी. पण ती कशाला असलं काही करील?"

"आठवून बघा ना," ही म्हणाली. मला माहीत आहे हा सूर. ज्याला फोन लागत नाही त्याला धीर देताना ही असं बोलायची. "भाजलेला कांदा, मिरी आणि साल. शेवटी घालायची, उकळू द्यायची नाही. मी घरी करते ना, इतकं सुरेख होतं! तुमच्या आईंच्याच हातचं आहे ते."

 बाईंची नजर चुलीकडे गेली. "केलंही असेल," त्या हळूच म्हणाल्या. "मी तेव्हा बाजारात असायची. हिवाळ्यात संत्री यायची खरी होडीतून. आईनं केलं असेल हो. मला कसं नाही आठवत?" आणि मी पाहिलं की त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी जुळत चाललंय. आई तिथे उभी आहे, सुरीने साल काढतेय. माझ्या थापेसाठी ही बाई आपल्या मेलेल्या आईची आठवण दुरुस्त करायला निघाली होती. अजून दोन मिनिटांत ती म्हातारी माझ्या गोष्टीतली झाली असती. मी ब्लेड घेऊन दुसऱ्याच्या कागदावर बसलो होतो.

"तुमच्या आईंनी नाही केलं," मी म्हणालो. आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला, मांजर उठलं. "मी कधी खाल्लं नाही इथे. अगं, मी इथे कधी आलोच नव्हतो. आज सकाळी पहिल्यांदा आलो."

बाई शहाण्या होत्या, भांडं उचलून आत गेल्या.  मग हिने एकेक विचारायला सुरुवात केली, अगदी शांतपणे, कपाटातले कपडे काढून घडी घालावी तसं. निळी दारं? नाहीत. बाजारामागची खोली? नाही. दीपगृहाचा म्हातारा? नाही. "आणि छत्री?" मी म्हणालो, दुकानातली. "सूप?" मी साहेबांचं सांगितलं, ते संत्रं सोलत होते आणि मला भूक लागली होती. ही म्हणाली, "लेकीच्या सासूबाईंना मी ते हाताला धरून शिकवलंय." आणि मग जे म्हणाली ते मला अपेक्षित नव्हतं. छत्रीचं नाही, गावाचं नाही. "माझं सगळं आयुष्य कानांवर गेलं," ही म्हणाली. "'साहेब मीटिंगमध्ये आहेत' म्हटलं की मला पहिल्या शब्दाला कळायचं, माणूस समोर बसलाय. कोण खोटं बोलतंय ते ओळखायला एक्स्चेंजमधल्या मुली मला फोन ऐकायला बोलवायच्या. आणि माझ्या घरात, माझ्या उशाशी, चौतीस वर्षं. मला कसं नाही कळलं हो?" हिने पर्स उचलली. "चारला बस आहे परतीची. मी जाते. तुम्ही राहा आता, राहायचं होतं ना तुम्हाला." आणि सूप तसंच सोडून गेली.

मी पाठोपाठ गेलो. मला माझा नकाशा ठाऊक होता आणि तो आता काहीच उपयोगाचा नव्हता. ही बंदरावरच्या एका बाकावर बसलेली सापडली, पर्स मांडीवर, नजर पाण्याकडे. मी उभाच राहिलो. मी माफी मागितली, ती तिने ऐकून घेतली. मी म्हणालो, "तू त्या दिवशी गॅलरीत माझ्याकडे वळलीस ना, तशी पुन्हा वळली नसतीस." ही म्हणाली, "वळले असते की नाही ते माझं मला ठरवू द्यायचं होतं."  पाण्यावर एक होडी येऊन लागली, दोर फेकला गेला, कुणीतरी तो झेलला. मला भीती वाटत होती की ही चार वाजता बसमध्ये बसेल आणि घरी पोचल्यावरही, शेजारच्या खाटेवर असतानाही, पुन्हा माझ्याकडे कान देणार नाही. मी काहीही सांगितलं, दूध नासलंय म्हटलं तरी, स्वतः जाऊन बघेल.

मग हिने टेकडीकडे हात केला. "तिथे वर काय आहे?"

"माहीत नाही."

"मला चढवणार नाही. तुम्ही जाऊन या. आणि काय आहे ते येऊन सांगा मला." ती माझ्याकडे बघत नव्हती. "जे आहे तेच. मग बघते मी चारच्या बसचं."

मी चढलो. घरांच्या मधून दगडी पायऱ्या जात होत्या, त्या मी माझ्या नकाशात कधी दाखवल्या नव्हत्या, कारण जिथे टेकडीच नाही तिथे पायऱ्या कशाला? कुणाच्या खिडकीत कपडे वाळत होते, कुणी वाद्य शिकत होतं आणि एकाच जागी चुकत होतं. मला मध्ये दोनदा बसावं लागलं. आणि चढता चढता, लाज वाटली तरी सांगतो, मी वरचं दृश्य तयार करत होतो. पडकी चौकी असेल, समुद्र तिन्ही बाजूंनी, पांढरी फुलं असलेलं एखादं वाकडं झाड. हे बघून हिला सांगेन, खरं असेल तेच सांगेन, फक्त नीट सांगेन. माझी खात्री होती की मला काहीतरी मिळेल. चौतीस वर्षांची भरपाई होईल असं काहीतरी देवाने वर ठेवलं असेल.

वर पाण्याची टाकी होती. सिमेंटची, गोल, जाळीच्या कुंपणात, कुंपणाला कुलूप. एक बाक होता, त्याची एक फळी गेलेली. समुद्राच्या बाजूला टाकीची भिंत होती आणि समुद्र दिसत नव्हता. मी कुंपणाच्या कडेने जाता येईल तितकं जाऊन पाहिलं; समुद्राकडे ते थेट कड्याला भिडलं होतं. एका कोपऱ्यातून, टाचा उंच केल्यावर, आम्ही उतरलो तो बसथांबा दिसला. मी त्या मोडक्या बाकावर बसलो आणि मला हसू आलं, मग रडू आलं, मग मी घड्याळात पाहिलं आणि उतरायला लागलो. उतरताना ते वाकडं झाड माझ्याबरोबर उतरत होतं. इतकं सुंदर झाड होतं, आणि हिला झाडं आवडतात. एका झाडाने कुणाचं काय बिघडलं असतं? शेवटच्या वळणाला मी त्याला तिथेच सोडलं.

ही तिथेच होती. चारला वीस मिनिटं कमी होती. "काय आहे वर?"

"पाण्याची टाकी. कुलूप लावलेली."

"समुद्र कसा दिसतो?"

"दिसत नाही. टाकी आड येते."

"आणि?"

"एक बाक आहे, मोडका. बसथांबा दिसतो. बाकी काही नाही."  आयुष्यात कुणाला इतकं भिकार काही मी दिलं नव्हतं. ही डोळे मिटून ऐकत होती, हेडफोन लावल्यावर बसायची तशी, मान किंचित एका बाजूला.

"पायऱ्या किती आहेत?" तिने विचारलं.

मला वाटलं, इतक्या मोठ्या प्रसंगी आकडे सांगणं बरं दिसणार नाही. "कोण मोजतंय," मी म्हणालो. "नाही मोजल्या."

हिचे डोळे उघडले. "खोटं," ही म्हणाली. लगेच, पहिल्या शब्दाला, आणि तिचा चेहरा असा उजळला की मी तो चौतीस वर्षांपूर्वी गॅलरीतच पाहिला होता, किंवा तेव्हाही पाहिला नव्हता. "खोटं बोलताय. मोजल्यात तुम्ही."

"दोनशे अकरा," मी म्हणालो.

"हां," ही म्हणाली, आणि बाकावरची पर्स उचलून मांडीवर घेतली. "आता बसा."